गाडीखालचा पुठ्ठा

रविवार, ४ फेब्रुवारी

आजपासून ही वही. काल जेवताना मी गाडीच्या ऑइलचा विषय काढला, तेव्हा हिने हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, हे माझे कान आहेत, ऑइलचा डबा नाही. जे काय ओतायचं ते लिहून ओता." आणि आज सकाळी खरंच वही आणून समोर टाकली. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने दिलेली पहिली वही, ती माझं तोंड बंद ठेवायला. असो.

तर गाडी मुलाची. तो गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून गाडी सूनबाईकडे, तिच्या इमारतीच्या खाली उभी असते, आणि देखभाल माझ्याकडे. दर रविवारी जातो. हिचं म्हणणं, मला त्या घरी जायला निमित्त हवं असतं. निमित्त कसलं? काम आहे. उद्या गाडीने भर रस्त्यात मान टाकली तर सूनबाईने आणि बिट्टीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? बिट्टी म्हणजे आमची नात, वय सात, तोंड सत्तरचं. तो असता तरी हे मलाच करावं लागलं असतं म्हणा. ऑइलच्या बाबतीत चिरंजीव म्हणजे आनंदीआनंद होता.

आज ऑइल बदललं. मी उभा जन्म लिफ्टच्या देखभालीत काढला. आमचा नियम एकच, तीन महिने झाले की ऑइल, ग्रीस, तपासणी. लिफ्टमध्ये किती माणसं चढली-उतरली, हे विचारायचं नाही. तारीख आली की करायचं. गाडीच्या पुस्तकात किलोमीटरचं काहीतरी लिहिलेलं असतं, पण लोखंड ते लोखंड. इंजिन थोडं गरम केलं, खालचा बोल्ट काढला, घमेलं लावलं. जुनं ऑइल निघालं ते मधासारखं, जवळजवळ नव्यासारखं! तीन महिन्यांत काळंकुट्ट व्हायला हवं होतं. याला म्हणतात निगा.

सूनबाई चहा घेऊन खाली आली. घमेल्यात डोकावून म्हणाली, "बाबा, हे आत्ताच बदललं होतं ना?"

"तीन महिने झाले."

"झाले का?" ती म्हणाली. "मग बदला."

एक गोष्ट मात्र खटकली. गाडीखाली फरशीवर बशीएवढा डाग आहे. कुठूनतरी गळतंय.

रविवार, ११ फेब्रुवारी

डाग पुसून गेलो होतो, आज परत हजर. मग शास्त्रशुद्ध काम सुरू केलं. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा आणला आणि गाडीखाली अंथरला. थेंब कुठे पडतो ते त्यावर कळतं. जुन्या गाडीत गळती एका जागी असते आणि ओल भलत्याच जागी दिसते, त्यामुळे आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं होतं. खालच्या बोल्टचा वॉशर मी नवाच टाकला होता, तो कोरडा. फिल्टर कोरडा. वरच्या झाकणाचं गास्केट जरा घामटलेलं, पण एवढा डाग पडेल असं नाही.

दुसरा घोटाळा मीटरचा. गेल्या रविवारचा आकडा माझ्या लक्षात होता, आजही तोच. मीटरची केबल तुटली असणार. सूनबाईला सांगितलं. ती बिट्टीची वेणी घालत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "असेल बंद पडला."

"अगं, तू रोज चालवतेस आणि तुझ्या लक्षात नाही आलं?"

"नाही आलं, बाबा."

बिट्टी काहीतरी बोलणार होती, पण तिची वेणी ओढली गेली आणि ती किंचाळली. घरी येऊन हिला मीटरचं सांगितलं. ही मटार सोलत होती, सोलत राहिली. मटाराच्या एवढ्या शेंगा आमच्या दोघांना कशाला लागतात, कोण जाणे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

हिच्याशी भांडण. म्हणाली, "रविवारी तिला जरा मोकळं सोडा. तरुण मुलगी आहे. आठवडाभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, सुट्टीच्या दिवशी सासरा गाडीखाली आडवा."

"म्हणजे मी अडचण?"

"तसं म्हणाले का मी?"

तसंच म्हणाली. मी जेवलो नाही. मग जेवलो, कारण ही पण जेवली नसती.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज एक चांगला माणूस भेटला. मी गाडीखाली शिरून इंजिनाच्या मागच्या बाजूला बघत होतो, काळोखात काही दिसत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी वाकून विचारलं, "काका, बॅटरी धरू का?" बघतो तो एक लांबलचक गृहस्थ, फिकट निळा कडक इस्त्रीचा शर्ट. त्याच इमारतीतला असावा. गुडघ्यावर बसून चांगला अर्धा तास टॉर्च धरला बिचाऱ्याने. एकदाही "झालं का" म्हणाला नाही. आजकाल असा संयम कुठे बघायला मिळतो?

त्याच्यामुळेच पत्ता लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथलं सील गळतंय. वाईट जागा. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही.

बाहेर आलो आणि त्याला विचारलं, "तुम्ही किती दिवसांनी बदलता ऑइल?"

तो ओशाळून हसला. "माझ्या गाडीत ऑइल नसतंच, काका. बॅटरीवर चालते."

"मग रविवारी करता काय तुम्ही?" मी म्हटलं. तो मोकळेपणाने हसला, पण नंतर जिन्याकडे बघून एकदम गप्प झाला. जिन्यात सूनबाई उभी होती, पर्स खांद्याला, नवे कपडे. बिट्टी त्या गृहस्थाच्या गाडीला टेकून उभी, जणू घरचीच. ही पोरगी कुणाच्याही गळ्यात पडते, हे सांगायला हवं एकदा.

"कुठे निघालीस का?" मी विचारलं.

"नाही, काही नाही, बाबा. चहा टाकते." आणि वर गेली.

त्या माणसाच्या बाहीला ऑइलचा ठसठशीत डाग लागला होता. मी दाखवला तर म्हणाला, "असू दे." त्याला चहाला वर बोलवावं असं मी सूनबाईला सुचवलं. तिच्या हातून कपाची बशी निसटली. फुटली नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

गाडी गॅरेजला नेली. जाताना बघतो तर मीटर चालू! आकडा सरकला. केबल अधूनमधून अडकत असावी, असं मी मनाशी म्हटलं.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली, चाकं फिरवून पाहिली. "काका, ही गाडी उभीच असते का?"

"छे! सून रोज कामावर नेते."

"टायर एका बाजूने बसलेत बघा. उभ्या गाडीचं सील सुकतं, कडक होतं आणि मग गळतं. हिला ऑइल बदलायची गरज नाही, चालवायची आहे."

"मी दर रविवारी इंजिन चालू करतो."

"जागच्या जागी ना?"

मी मीटरच्या केबलचं सांगितलं. त्याने आत वाकून केबल तपासली, कपड्याला हात पुसले आणि म्हणाला, केबल ठणठणीत आहे. नंतर तो माझ्याकडे बघेना. मलाही तिथे उभं राहवेना.

बुधवार, २८ फेब्रुवारी

मीटर चांगला आहे. म्हणजे गाडी चालत नाही. मग सूनबाई कामावर जाते कशी? बिट्टी शाळेत कुणाबरोबर जाते? आणि माझ्याशी खोटं कशासाठी?

हिला विचारलं. म्हणाली, "आधी जेवून घ्या."

शुक्रवार, १ मार्च

शेवटी आज हिने सांगितलं. हातातलं काम बाजूला ठेवून, समोर बसून. ही समोर बसून बोलते तेव्हा मला भीती वाटते. तो गेला त्या दिवशीही दवाखान्यात अशीच समोर येऊन बसली होती.

तो टॉर्चवाला. त्याच्याशी सूनबाई लग्न करणार आहे. त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली आहे, शाळेची परीक्षा संपली की तिघंही तिकडे जाणार. हिला हे केव्हापासून माहीत आहे, विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. बिट्टीला माहीत होतं. मी मात्र त्याला चहाला बोलवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"धीर होत नाही तिला. तुम्ही दर रविवारी आपल्या मुलाच्या गाडीखाली जाऊन झोपता, अहो. तिने काय, पाय ओढून बाहेर काढून सांगायचं?"

"मग गाडी कशाला ठेवली? विकून टाकायची."

ही म्हणाली, "विकणारच होती. मागच्या वर्षीच. मला म्हणाली, आई, गाडी गेली तर बाबा रविवारी कुठे जातील?"

म्हणजे मी त्या घराला आधार द्यायला जात होतो, असं मला वाटत होतं. आणि त्या घराने मला सांभाळायला एक गाडी ठेवली होती. लहान पोराला खुळखुळा द्यावा तशी. लाज वाटते. राग तर येतोच येतो. दीड वर्ष! आमचं अजून पोराच्या पेल्यातून पाणी प्यायला मन होत नाही, आणि सूनबाईला एवढ्यात विसरता आलं? हिचं बरोबर असेल, ती तरुण आहे, आयुष्य पडलंय, मी हेच दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं. पण माझा मुलगा मेला आहे. हे वाक्य मी अजून कुठे लिहिलं नव्हतं. इथे लिहिलं.

रविवार, ३ मार्च

गेलो नाही. करायचं काय तेही कळेना. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ही वैतागली, म्हणाली, आता दार वाजतच नाही, तुम्ही आलात की गेलात कळत नाही.

सूनबाईचा फोन आला. मी न्हाणीघरात आहे असं सांगायला लावलं. बिट्टीचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "आबा पुठ्ठा बघायला आले नाहीत."

रविवार, १० मार्च

गेलो. ही म्हणाली, रुसायचं वय नातीचं, तुमचं नाही.

सूनबाई खालीच थांबली होती. मी पुठ्ठा ओढून काढला, नवे थेंब पडले होते. मी म्हटलं, "सील बदलून घेतो. गळती घेऊन गाडी विकायची नाही. आपल्या नावाला बरं नाही." एवढं पाठ करून आलो होतो.

"बाबा, गाडीचं राहू द्या ना."

"राहू कसं द्यायचं? घेणाऱ्याला फसवायचं?"

"माझ्याशी बोला." तिने पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं. "शिव्या द्या हव्या तर. पण गाडीशी नका बोलू."

मला बोलायचं होतं. विचारायचं होतं, तुला तो आठवतो का? पहाटे? रस्त्यात कुणी त्याच्यासारखं चालताना दिसलं तर? बिट्टी त्या माणसाला काय म्हणणार? आणि आम्ही तुझे कोण लागणार आता? यातलं एकही तोंडातून फुटलं नाही. मी म्हटलं, "दोन आठवडे लागतील. गिअरबॉक्स उतरवावा लागतो."

ती म्हणाली, "चहा टाकते," आणि मी म्हटलं, "नको." या घरातला चहा मी पहिल्यांदा नाकारला. परतताना बसमध्ये माझं मलाच इतकं वाईट वाटलं की एक थांबा आधीच उतरलो.

रविवार, २४ मार्च

सील बदललं. कालपासून खाली नवा पुठ्ठा होता, आज डोळ्यांत तेल घालून बघितला. कोराच्या कोरा. एक थेंब नाही. आमच्या कामात असा दिवस आला की आम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचो. आज मी कोरा पुठ्ठा हातात धरून उभा, आणि वाटत होतं एखादा तरी थेंब हवा होता.

तो लांबलचक गृहस्थ आला होता. मान खाली घालून उभा. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "शर्टाचा डाग निघाला का?"

"नाही निघाला. पण घालतो मी तो." मग म्हणाला, "काका, मी त्या दिवशी सांगायला हवं होतं, मी कोण ते."

"टॉर्च चांगला धरलात," मी म्हटलं. याहून जास्त मला जमलं नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं.

बिट्टी माझ्या शेजारी उकिडवी बसून पुठ्ठा बघत होती. म्हणाली, "आबा, तिकडच्या गाडीत ऑइल नसतं."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही काय करायला येणार?"

तिने खरंच विचारलं होतं. तिला वाटत होतं, मला उत्तर ठाऊक असणार. मी म्हटलं, वायपर असतात की, त्यांची रबरं बदलायला येईन. तिने विचार केला आणि म्हणाली, "ती रोज रोज थोडीच खराब होतात?"

रविवार, ३१ मार्च

गाडी आज गेली. कुठल्याशा दवाखान्यातल्या परिचारिकेने घेतली, गोरीगोमटी, ठेंगणी, बोलायला चटपटीत. मी तिला सगळं खरं सांगितलं. वरचं गास्केट घामटतं, ते बघत राहा. सील नवीन आहे. ऑइल केव्हा बदलायचं विचारलं तिने. मी म्हटलं, "कॅलेंडर बघू नका. मीटर बघा. आणि गाडी चालवा, उभी नका ठेवू." हे माझ्याच तोंडून निघताना ऐकलं मी.

सूनबाई खांबाला टेकून उभी होती, अगदी शांत. किल्ली तिनेच दिली. मला वाटलं, बघा, हिला काहीच वाटत नाही. वाटून घ्यायचं असेल तर इथे एकटा मीच आहे.

परिचारिका आत बसली. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. हसून म्हणाली, "अगंबाई, केवढी मागे आहे ही सीट! कोण चालवत होतं?" आणि खालची दांडी ओढून तिने सीट पुढे घेतली. कट, कट, कट, एकेक खाच पुढे.

मला ती सीट कधी हलवावीच लागली नव्हती. आमचा मुलगा माझ्याच उंचीचा. गॅरेजला नेली तेव्हाही बसलो आणि निघालो. पण सूनबाईचं डोकं माझ्या खांद्याला लागतं. ती त्या जागेवर बसली असती तर तिलाही सीट पुढे घ्यावी लागली असती. तिने घेतली नव्हती. दीड वर्षात एकदाही नाही. गाडी माझ्यासाठी ठेवली होती हे खरं असेल, पण तेवढंच खरं नव्हतं.

मी वळून पाहिलं. तिने दोन्ही हातांनी खांब धरला होता आणि तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मग आला. असं रडणं मी तो गेला त्या दिवशीही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती आम्हा दोघांना पाणी देत फिरत होती. परिचारिका घाबरून उतरायला लागली, मी तिला हातानेच खूण केली, जा, तुम्ही जा. गाडी फाटकातून बाहेर पडली.

मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं असतं, मला येत नाही. तिने खांब सोडून माझा सदरा धरला. "मला हलवता नाही आली, बाबा," ती म्हणाली, "सीट." मी म्हटलं, "कळलं मला." आणि मग मलाही आवरलं नाही. भर दुपारी, इमारतीतली माणसं येत-जात असताना, सासरा आणि सून रिकाम्या जागेत उभे राहून रडलो. लोकांनी पाहिलं असेल. पाहू दे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही दोघं तिकडे याल ना?"

मी म्हटलं, "तू जा. नीट राहा. तो चांगला माणूस आहे." हे बोलणं सोपं नव्हतं, पण बोललो. येऊ की नाही ते सांगितलं नाही. ते मला अजून माहीत नाही.

वरच्या गॅलरीतून बिट्टीने हाक मारली, "आई, पप्पांची गाडी गेली का?"

सूनबाईने वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"गेली," मी म्हणालो.